साध्या पदवीवर पहिला अनुभव: अप्रेंटिसशिप मिळवायची कशी?

बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्यांना पहिल्या मुलाखतीत हमखास विचारतात, ‘अनुभव किती?’ कॉलेजात कंपन्या आलेल्या नसतात, आणि ‘फ्रेशर चालेल’ असं लिहिलेल्या जाहिरातीतही खाली बारीक अक्षरांत एक वर्षाचा अनुभव मागितलेला असतो. या कोंडीतून निघायचा एक सरकारी रस्ता आहे: अप्रेंटिसशिप, म्हणजे स्टायपेंड (दरमहा विद्यावेतन) घेऊन साधारण वर्षभर काम शिकण्याची शिकाऊ उमेदवारी. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांपर्यंत तो फारसा पोहोचलेला नाही, कारण अप्रेंटिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयटीआयचा फिटर नाहीतर वेल्डरच येतो.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा. १९७३ मध्ये त्यात पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर आले आणि २०१४च्या दुरुस्तीनंतर बिगर-इंजिनिअरिंग पदवीधरांनाही दार उघडलं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचे असतात. त्यामुळे एचआरकडे चौकशी करायला गेलात तर ते उपकार मागणं नव्हे. ही संख्या त्यांनाही भरायची असते.

आधी स्वतःची पात्रता बघा

पदवी हातात असावी आणि ती मिळून साधारण पाच वर्षांच्या वर झालेली नसावीत. याआधी कुठे अप्रेंटिसशिप केलेली असेल, किंवा एक वर्ष वा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव असेल, तर हा रस्ता बंद. वयाची अट प्रत्येक जाहिरातीत वेगळी असते, ती तिथेच वाचा.

कागद जुळवा, मग फॉर्म भरा

निम्मे अर्ज इथेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. आधार कार्डावर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी. पॅनवर वडिलांचं नाव कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर. नावांचा क्रम वेगळा असेल तर सहसा चालून जातं. स्पेलिंग वेगळं असेल तर मात्र कागद तपासताना तुम्हाला बाजूला बसवून ठेवतात. आधार दहावीच्या स्पेलिंगप्रमाणे दुरुस्त करून घेणं सर्वांत सोपं, कारण गुणपत्रिका बदलायची तर बोर्डाच्या खेपा आल्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जवळ ठेवावी.

आधारला आत्ता वापरात असलेला मोबाइल नंबर जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, कारण स्टायपेंडचा सरकारी वाटा थेट खात्यात जमा होतो. पदवीदान व्हायचं असेल तर विद्यापीठाचं तात्पुरतं प्रमाणपत्र काढा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास यांपैकी लागू असतील ते आताच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रात अकरावी-बारावीच्या प्रवेशांची रांग असते.

नोंदणी

पदवीधरांसाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं ‘नॅट्स’ (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना) पोर्टल आहे. आयटीआय आणि इतर कौशल्य अभ्यासक्रमांसाठी कौशल्य विकास मंत्रालयाचं वेगळं पोर्टल आहे, तिथेही पदवीधरांच्या काही जागा निघतात. काही जाहिराती दोन्हीकडची नोंदणी मागतात. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला एक रुपयाही लागत नाही. ‘नोंदणी करून देतो, पाचशे द्या’ म्हणणारा फक्त तुमचा फॉर्म भरून देतो, आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहतो, हा वर तोटा. बँकांच्या भरतीत परीक्षा शुल्क असतं, पण ते बँकेच्या जाहिरातीत दिलेल्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायचं.

नोंदणी जाहिरात येण्याआधीच करून ठेवा. अर्जात बहुतेकदा नोंदणी क्रमांक मागतात, आणि शेवटच्या रात्री पोर्टल कसं चालतं हे परीक्षेचा फॉर्म भरलेल्या कुणालाही सांगायला नको.

जागा शोधायच्या कुठे?

नुसत्या पोर्टलवर बसून राहू नका. मुंबईचं माझगाव डॉक, चेंबूर आणि थळचं राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स (आरसीएफ) यांच्या अप्रेंटिस जाहिरातींत सर्वसाधारण पदवीधरांच्याही जागा आलेल्या आहेत, आरसीएफमध्ये बी.कॉम.वाल्यांना अकाउंट्सच्या. या जाहिराती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ‘करिअर’ सदरात येतात, म्हणून आठवड्यातून एकदा तिथे डोकावायची सवय लावा.

बँकांकडे विशेष लक्ष द्या. तिथे कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि अर्ज केलेल्या राज्याची स्थानिक भाषा यावी लागते. स्टेट बँकेच्या भरतीत दहावी किंवा बारावीला ती भाषा विषय म्हणून असल्याची गुणपत्रिका दाखवली की भाषेच्या चाचणीतून सूट मिळते. मराठी शाळेत शिकल्याचा असा थेट उपयोग फार कमी ठिकाणी होतो, तो सोडू नका.

खासगी कंपन्यांसाठी आपल्या जिल्ह्याच्या एमआयडीसीची यादी घ्या आणि मोठ्या कारखान्यांच्या एचआरला एक पानी बायोडेटासह मेल करा. बायोडेट्यात ‘मेहनती, प्रामाणिक’ असली विशेषणं नकोत. टॅलीत नोंदी करता येतात का, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल जमतं का, काकांच्या दुकानाची जीएसटीची बिलं लावली होती का, हे लिहा. आठवड्याने फोन करा. एकच फोन पुरे.

पैशांचा हिशेब

२०१९च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरवले. त्यानंतर वाढीची शिफारस झाली आहे, म्हणून अर्ज करताना पोर्टलवरचा ताजा आकडा बघा. आस्थापना यापेक्षा जास्त देऊ शकते: स्टेट बँकेने २०२३च्या जाहिरातीत १५,००० दिले, तर बँक ऑफ महाराष्ट्रने २०२४ मध्ये ९,०००. पीएफ कापला जात नाही आणि भरलाही जात नाही, कारण कायद्याच्या नजरेत तुम्ही कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहात.

नऊ हजारांत पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेस लावली तर घरून पैसे मागवावे लागतील. माझं मत विचाराल तर घरून एसटीने किंवा लोकलने जाऊन-येऊन करता येईल अशी जागा, नाव थोडं लहान असलं तरी, आधी घ्यावी. परगावी जायचंच असेल तर कँटीन आणि कंपनीची बस आहे का, हे विचारून घ्या. या दोन गोष्टी असतील तर स्टायपेंडमधले पैसे महिनाअखेरीस थोडे तरी हातात उरतात.

मुलाखतीत तुम्हीही विचारा

‘मला कोणत्या विभागात बसवणार?’ आणि ‘मागच्या बॅचमधली किती मुलं आज इथे आहेत?’ हे दोन प्रश्न नम्रपणे पण नक्की विचारा. कायद्याने कंपनीवर नोकरी देण्याचं बंधन नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला ‘बघू, काम चांगलं असेल तर’ असं उत्तर आलं, तर तिथे नोकरी मिळेल हे धरून चालू नका. पहिल्याचं उत्तर मात्र स्पष्ट हवं. ‘जिथे गरज पडेल तिथे’ म्हणजे झेरॉक्स आणि फायली.

करार पोर्टलवर होतो. त्यात तुमचं नाव, कालावधी, स्टायपेंड आणि मधेच सोडल्यास काय, हे वाचूनच सही करा. कंपनीने नुसतं लेटरहेडवर ‘ट्रेनी’ लिहून दिलं आणि पोर्टलवर करार दिसत नसेल, तर ती या कायद्याखालची अप्रेंटिसशिप नाही. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्रही मिळणार नाही.

वर्षभरात काय करायचं?

पहिले दोन महिने जे देतील ते करा. मग विभागातल्या एका अनुभवी माणसाला धरा. निवृत्तीला आलेले हेडक्लार्क बहुतेकदा मनापासून शिकवतात, कारण त्यांना स्पर्धा नसते. रोज काय शिकलात ते वहीत दोन ओळींत लिहा: बँक जुळवणी पत्रक, जीएसटीआर-१साठीची बिलं, खरेदी आदेश, गोदामाची नोंद. ही वही पुढे बायोडेट्याचा कच्चा माल होते. कंपनीची गोपनीय माहिती, ग्राहकांची नावं, दर तिच्यात लिहू नका.

सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या विभागात काही आठवडे मागून बघा. नाही म्हणतील, चालेल.

दहाव्या महिन्यापासून बाहेर अर्ज सुरू करा. करार संपायची वाट बघितली तर पुन्हा दोन-तीन महिने घरी बसणं आलं. बायोडेट्यात ‘अप्रेंटिस’ असंच लिहा, ‘ज्युनियर अकाउंटंट’ नको; पडताळणीत ते उघडं पडतं. निघण्याआधी विभागप्रमुखांना विचारून त्यांचं नाव संदर्भ म्हणून घ्या आणि प्रशिक्षणाच्या नोंदी कंपनीने पोर्टलवर पूर्ण केल्यात का ते तपासा, कारण प्रावीण्य प्रमाणपत्र त्यावर अवलंबून असतं. ते अडलं, तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाचं पश्चिम विभागीय कार्यालय मुंबईत आहे. करार क्रमांक लिहून तिथे मेल करा.