भिंगाच्या सूत्रातले ऋण चिन्ह आणि दहावीचे भौतिकशास्त्र

‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1’ची लेखी परीक्षा 40 गुणांची असते आणि तीत रसायनशास्त्रही असते, म्हणून भौतिकशास्त्राला दिवाळीनंतर हात घालणारे दहावीचे विद्यार्थी आपल्याकडे कोकणात पुष्कळ आहेत. त्यांना स्पष्टच सांगते, की गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, अपवर्तन आणि भिंगे ही प्रकरणे पाठांतराने निभत नाहीत. आणि शिमग्याचे ढोल वाजू लागतात तेव्हा बोर्डाची परीक्षा दारात आलेली असते.

तरीही घाबरू नये, कारण किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाने यातील बरेचसे आधीच पाहिलेले असते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती-ओहोटी, त्याला ठाऊक असतो. सूर्य आणि चंद्र पृथ्वीशी एका रेषेत आले की त्यांचे परिणाम एकत्र येतात आणि काटकोनात असले की एकमेकांना कमी करतात, एवढेच पुस्तक त्यात भर घालते. दुपारचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे यांच्यामागे पाण्याची जास्त विशिष्ट उष्माधारकता आहे, म्हणजे पाणी जमिनीपेक्षा हळू तापते आणि हळू निवते. मालवणच्या नितळ पाण्यात चार मीटर खोल तळ सरळ वरून पाहिल्यास सुमारे तीन मीटरवर भासतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, सुमारे 1.33 आहे.

खरा घात होतो तो भिंगाच्या सूत्रात. माझेही गुण तिथेच गेले, म्हणून याविषयी जरा जास्तच लिहिते. कार्टेशियन चिन्ह संकेतानुसार वस्तू भिंगाच्या डावीकडे ठेवायची, सर्व अंतरे प्रकाशीय मध्यापासून मोजायची, डावीकडची ऋण आणि उजवीकडची धन धरायची. वस्तूचे अंतर यू, प्रतिमेचे व्ही आणि नाभीय अंतर (समांतर किरण जिथे एकवटतात त्या नाभीचे भिंगापासूनचे अंतर) एफ मानले, तर सूत्र 1/व्ही − 1/यू = 1/एफ असे होते. बहिर्वक्र, म्हणजे मध्ये जाड असलेल्या, भिंगाचे नाभीय अंतर 20 सेमी असून वस्तू 30 सेमीवर असेल, तर यूची किंमत −30 आहे. ती घातली की 1/व्ही = 1/20 − 1/30 = 1/60 मिळते, म्हणजे प्रतिमा पलीकडे 60 सेमीवर पडते; विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट आहे ते, व्ही भागिले यू, म्हणून 60 भागिले −30, म्हणजे −2, म्हणून ती दुप्पट मोठी आणि उलटी असते.

चिन्ह विसरून नुसते 30 लिहिले, तर 1/20 + 1/30 = 1/12 होऊन उत्तर 12 सेमी येते. हे उत्तर पूर्णांकी, धन आणि दिसायला इतके सोज्वळ असते की शंकाच येत नाही. आकडेमोड त्यातली चूक दाखवत नाही, किरणाकृती दाखवते, कारण बहिर्वक्र भिंगाने मिळणारी वस्तूची वास्तव (पडद्यावर घेता येणारी) प्रतिमा नाभीय अंतराच्या आत पडूच शकत नाही. सूत्रातले वजा चिन्ह सूत्राचे आहे आणि यूचे ऋण चिन्ह मोजमापाचे आहे, त्यामुळे ‘एकदा वजा दिलेच आहे’ म्हणून दुसरे गाळायचे नाही. जी राशी शोधायची आहे, तिला मात्र आपण होऊन चिन्ह लावू नये. ते उत्तरातून येऊ द्यावे. नववीतल्या आरशाच्या सूत्रात व्यस्तांची बेरीज आहे आणि त्याच्या विशालनात जादा वजा आहे, ही गल्लत तर हमखास होते.

‘चिन्हे सोडा, शेवटी जुळवून घ्या’ असे सांगणाऱ्या शिकवणीसाठी रोज एसटीने तालुक्याला जाण्यापेक्षा तो वेळ आलेख कागदावर किरणाकृती काढण्यात घालवावा, हे माझे ठाम मत आहे. अडलेच तर नुकताच या वर्गातून गेलेला एखादा दादा किंवा ताई गाठावी. कुठे अडते हे त्यांना अजून आठवत असते. कोकण विभागाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात अव्वल लागतो हे खरे, पण सूत्रे न समजता मिळवलेले गुण अकरावीच्या सायन्सला उपयोगी पडत नाहीत.

भिंगाची शक्ती काढताना नाभीय अंतर मीटरमध्येच घ्यावे: 20 सेमी म्हणजे 0.2 मीटर, म्हणून शक्ती 5 डायॉप्टर, आणि तेवढ्याच नाभीय अंतराचे अंतर्वक्र भिंग असेल तर −5. एवढे हाताखालून गेले की उष्णतेची उदाहरणे सोपी जातात. तिथे बर्फासाठी 80 आणि वाफेसाठी 540 कॅलरी प्रति ग्रॅम हे अप्रकट उष्मे, म्हणजे अवस्था बदलायला लागणारी उष्णता, लक्षात ठेवावेत आणि वितळण्याच्या किंवा उकळण्याच्या पायरीत तापमानातील फरकाने गुणू नये, कारण त्या काळात तापमान बदलतच नाही.