वस्तीची बातमी स्वतः लिहिताना

नागपूरला स्थानिक पत्रकारितेची जुनी परंपरा आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाने ‘हितवाद’ येथूनच १९११ मध्ये सुरू केला. ऑनलाइन जाहिरातींचा मोठा वाटा गूगल आणि मेटाकडे वळल्यामुळे आज अनेक वृत्तपत्रांनी ई-पेपर वर्गणीच्या कुंपणाआड नेले आहेत. बातमीदाराला वेतन द्यावेच लागते, म्हणून वर्गणी मागण्यात गैर काही नाही. मात्र एखाद्या ले-आऊटमधील (भूखंड पाडून वसवलेल्या वस्तीतील) तुंबलेल्या गडरलाइनची, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीची, बातमी कुंपणाच्या आतही क्वचितच असते, आणि ती स्वतःच्या ब्लॉगवर लिहिण्याचे काम रहिवाशांनी हाती घेणे मला आवश्यक वाटते.

पहिले पथ्य नकलेविषयीचे आहे. ई-पेपरची पीडीएफ किंवा पानाचे छायाचित्र ब्लॉगवर टाकू नये. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने लेखाच्या शब्दरचनेला संरक्षण दिले आहे, घटनेतील तथ्यांना नाही; म्हणून बातमी वाचावी, तिच्यातील माहिती मूळ ठिकाणी जाऊन पडताळावी आणि स्वतःच्या शब्दांत लिहावी. त्यासाठी निदान एका दैनिकाची वर्गणी भरावी किंवा वाचनालयात जाऊन अंक वाचावा.

मूळ ठिकाण शोधणे हाच या कामातील खरा कष्टाचा भाग आहे. समोरचा रस्ता महानगरपालिकेचा, १९३६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, हे ठरल्याशिवाय तक्रारही योग्य जागी पोहोचत नाही आणि बातमीही. रस्ता मनपाचा असल्यास दहा झोनपैकी आपले झोन कार्यालय गाठावे आणि कामाचा आदेश, ठेकेदाराचे नाव, मंजूर रक्कम व मुदत विचारावी. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे राज्य शासनाने २०१८ मध्ये ठरवून दिले आहे. ही सोय अवश्य वापरावी. तेथे काम न झाल्यास २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे ‘रस्ता का खराब आहे’ असे न विचारता विशिष्ट कागदाची प्रत मागावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तेव्हा सर्व वृत्तपत्रांनी ती बातमी दिली. परंतु पुढच्या मे महिन्यात आपल्या मागचा नाला कोणत्या तारखेला उपसला, काढलेला गाळ काठावरच किती दिवस पडून राहिला, ही नोंद तेथे राहणारा माणूसच ठेवू शकतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याच पुलावरून, त्याच कोनातून छायाचित्र घ्यावे आणि त्याखाली तारीख लिहावी. तीन वर्षांची अशी छायाचित्रे शेजारी शेजारी मांडली, तर झोन कार्यालयात बोलताना आपल्या हातात पुरावा असतो.

ब्लॉगसाठी वर्डप्रेस किंवा ब्लॉगर यांपैकी काहीही चालेल. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा, म्हणजे तो शोधात सापडतो. व्हॉट्सअॅप गटावर केवळ दुवा पाठवावा, कारण तेथील मजकूर आठवडाभरात शोधूनही मिळत नाही.

लेखाखाली स्वतःचे नाव द्यावे. ज्याच्यावर ठपका येतो त्याला प्रसिद्धीपूर्वी विचारावे आणि त्याचे उत्तर, किंवा विचारूनही न मिळालेले उत्तर, नमूद करावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा गुन्हा आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितांची आणि गुन्ह्याशी संबंध आलेल्या बालकांची ओळख पटेल असे काहीही लिहू नये. गल्लीचे नाव दिले तरी वस्तीत ओळख पटते. चूक आढळल्यास मजकूर गुपचूप बदलू नये, तर काय चुकले होते आणि केव्हा दुरुस्त केले हे लेखाच्या आरंभीच लिहावे.