उपवासकाळात उपवास कसा धरावा

आमच्या वसईत राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की तरुण मुलं मला विचारतात, नेमकं काय करायचं? कॅथलिक नियम सोपा आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांनी एकदाच पोटभर जेवावं, बाकी दोन वेळा थोडंसंच. या दिवशी मांस १४ वर्षांपासून पुढे वर्ज्य. मासे चालतात, पण पापलेट तळून ताट सजवलंत तर उपवास उरला कुठे? मी पेज आणि भाजलेला सुका बोंबील घेते.

आदल्या रात्रीच ठरवा, उद्याची प्रार्थना कोणासाठी. हेतू नसला तर दुपारी नुसती भूकच आठवते. त्या वेळी बायबलमधल्या यशया या पुस्तकाचा ५८वा अध्याय वाचा. भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा देणं हाच देवाला आवडणारा उपवास, असं तिथे स्पष्ट आहे. म्हणून जेवणाचे वाचलेले पैसे बाजूला काढा आणि त्याच आठवड्यात गरजूच्या हाती द्या. ईस्टरची वाट पाहू नका.

तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कोणाला सांगत फिरू नका. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशूने हेच सांगितलंय. मधुमेही आणि गरोदर बायांनी मात्र वेळेवर जेवावं, औषध घ्यावं. त्यांनी हवं तर दिवसभर मालिका आणि मोबाइल सोडावा.