मादी कुत्र्याच्या पोटावर गाठ लागली? या चुका टाळा

सडाजवळ वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागतं. ती खातेय, खेळतेय, दुखतही नाही. मग घरात ठरतं, ‘वाढतेय का बघू.’ सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मादीच्या स्तनातल्या गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या कर्करोगाच्या निघतात आणि सुरुवातीला त्या दुखत नाहीत. ३ सेंमीच्या आत काढलेल्या गाठीनंतर बरं होण्याची शक्यता चांगली असते, ५ सेंमीच्या पुढे ती बरीच घटते. म्हणजे ‘बघू’ म्हणत घालवलेले महिने नेमके कामाचे महिने असतात.

सडांच्या साधारण पाच जोड्या असतात. जास्त गाठी मागच्या दोन जोड्यांत होतात, आणि लाड करताना आपला हात तिथे क्वचितच पोचतो. महिन्यातून एकदा तिला कुशीवर झोपवा. प्रत्येक सडाभोवतीची कातडी आणि खालचा मऊ भाग अंगठा व दोन बोटांत हलकेच धरून चाचपा. काखा आणि जांघाही बघा. काही लागलं तर पट्टीने मोजून तारखेसह लिहा: ‘उजवा चौथा सड, १ सेंमी’. ही नोंद डॉक्टरांना दाखवण्यासाठी आहे, घरी ठेवून वाट बघण्यासाठी नाही. नवी गाठ आठवडाभरात दाखवावी.

(गोचीड समजून सडच चिमट्याने ओढण्याचा प्रकारही घडतो. केस बाजूला करून पाय दिसतात का बघा. सडाला पाय नसतात.)

मऊ आहे, हलते, म्हणजे चरबीची

बोटांना हे कळत नाही, अनुभवी डॉक्टरांच्या बोटांनाही नाही. मास्ट सेल ट्यूमर (कातडीचा एक कर्करोग) कधीकधी हुबेहूब चरबीच्या गाठीसारखा लागतो आणि दाबत राहिलं तर सुजून लाल होतो. बारीक सुईने पेशी काढून तपासायला काही मिनिटं लागतात, भूलही बहुधा लागत नाही. स्तनाच्या गाठीत मात्र साधी की कर्करोगाची, हे सुईने खात्रीने ठरत नाही. त्यासाठी काढलेली गाठ लॅबला पाठवावी लागते, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं द्रावण), गाठीच्या दहापट द्रावणात. इथेच पैसे वाचवले जातात. गाठ काढली, फेकून दिली, आणि वर्षाने दुसरी आली तेव्हा पहिली काय होती हे कुणालाच सांगता येत नाही. ऑपरेशनआधी छातीचे एक्स-रेही टाळू नका, कारण हा कर्करोग फुफ्फुसात पसरू शकतो.

फोडायला जाऊ नका

बेंबीवर किंवा शेवटच्या सडाशेजारी जांघेत आलेला मऊ फुगवटा हर्निया असू शकतो. जांघेतल्या हर्नियात चरबी, आतडं, मूत्राशय, अगदी गर्भाशयही उतरतं. गळू समजून सुई टोचली तर काय होईल ते सांगायला नको. फुगवटा कडक, दुखरा किंवा जांभळट झाला आणि उलट्या सुरू झाल्या तर खायला न देता त्याच तासाला निघा.

हळद-चुन्याचा लेप नको, चुन्याने कातडी भाजते. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम तर मुळीच नको. गाठ फुटून पावसाळ्यात अळ्या पडल्या तर टर्पेंटाइन किंवा फिनाइल ओतू नका. स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठा.

माजानंतरची सूज

माजानंतर सहा ते आठ आठवड्यांनी दोन्ही बाजूंचे सड भरून दूध आलं तर बहुधा ती खोटी गर्भधारणा असते. इथे दूध पिळणं, शेकणं, चोळणं, सगळंच उलटं पडतं: जितकं हाताळाल तितकं दूध येत राहतं. चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला. सूज साधारण दोन-तीन आठवड्यांत उतरते. उतरल्यावरही एखादी गाठ मागे राहिली तर तिची तपासणी हवीच. एकच ग्रंथी लाल, गरम, दुखरी आणि ताप १०३ फॅरनहाइटच्या वर असेल तर त्याच दिवशी दाखवा. औषधाने तीन-चार दिवसांत फरक पडला नाही तर ‘इन्फेक्शनच असेल’ म्हणून कोर्स वाढवत बसू नका. दाहासारखा दिसणारा एक आक्रमक कर्करोगही असतो.

माजानंतरच्या दोन महिन्यांत पाणी फार पिणं, सुस्ती, पोट फुगणं किंवा योनीतून घाण स्राव दिसला तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. पोट अचानक नगाऱ्यासारखं होऊन नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येत असतील तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. दोन्ही आणीबाणीच. रात्री सर्जन आणि सोनोग्राफी असलेला दवाखाना कुठला, हे आधीच फोन करून विचारून ठेवा. संध्याकाळी सातला पुण्यातल्या सिंहगड रोडवर अडकून शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

माज थांबवणारं इंजेक्शन स्वस्त आणि सोपं वाटतं, पण त्यातल्या हार्मोनने स्तनाच्या गाठी आणि गर्भाशयातला पू, दोन्हींचा धोका वाढतो. नसबंदी करायची तर दूध पूर्ण आटू द्या, साधारण माजानंतर तीन महिन्यांनी. दूध असतानाच केली तर ते लांबत राहू शकतं. गर्भाशयात पू असेल तर मात्र हा नियम लागू नाही, तिथे थांबायचंच नसतं.