लोहाराकडून ट्रेकचा चाकू करून घेताना

लोहाराला मोबाइलवरचा फोटो दाखवून चाकू करायला सांगू नका. मी तेच केलं होतं. सात इंची पातं, पाठीवर करवतीचे दात, एकदम सिनेमातल्यासारखा. कल्याणगडाच्या पायथ्याला बाभळीचं सुकं लाकूड फाडायला घेतलं आणि दुसऱ्याच ठोक्याला चाकूचेच दोन तुकडे झाले. तडा बरोबर एका दाताच्या खाचेतून गेला होता. चूक माझीच. फोटो दाखवला, पण चाकूनं काय करायचंय ते सांगितलंच नव्हतं.

म्हणून आधी कामांची यादी करा. दोरी कापणं, कांदा-बटाटा चिरणं, तंबूच्या खुंट्या तासणं, पावसानं भिजलेल्या लाकडाच्या आतून कोरड्या ढलप्या काढणं. ट्रेकला याहून जास्त काही लागत नाही. एवढ्याला साडेचार इंचांचं पातं आणि ४ मिलिमीटरची जाड, सरळ, सपाट पाठ पुरते. दात नकोत, दुधारी तर अजिबात नको. लाकूड फाडताना आपण पाठीवरच दांडकं हाणतो. जाड पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा आकार कापा आणि मुठीत धरून बघा. अंगठा कुठे टेकतो, करंगळी बाहेर राहते का, हे पुठ्ठ्यावरच कळतं. तोच पुठ्ठा लोहाराकडे न्या आणि पातं मुठीच्या शेवटापर्यंत सलग ठेवायला सांगा. खुरप्यासारखं निमुळतं टोक मुठीत ठोकलेलं या कामाला टिकत नाही.

लोखंड म्हणून गाडीच्या कमानीचा (चाकांवरच्या लवणाऱ्या स्प्रिंगचा) पाटा घ्या. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, त्यामुळे पोलाद कडकही होतं आणि लवतंही. मात्र भंगारातल्या जुन्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांचे बारीक तडे असू शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. हायवेवर पाटे बदलणाऱ्या वर्कशॉपमध्ये नव्या पाट्याचा कापून उरलेला तुकडा मागा. बांधकामाची सळई कुणी सुचवली तर नको म्हणा. ती मऊ असते, धार धरत नाही.

घडणं लोहाराचं काम, त्यात आपण बोलायचं नाही. बोलायचं ते पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून कडक करताना.

आमच्या लोहारमामांनी (सगळे त्यांना मामाच म्हणतात) आयुष्यभर कोयते आणि खुरपी केलेली. तेलाचा डबा बघून म्हणाले, "कोयत्याला आमी पाणीच देतो की रं." खरंच आहे. पण कोयत्याची ते धार तेवढीच बुडवतात, अंग मऊच राहतं. आपलं बारीक पातं सगळंच्या सगळं पाण्यात गेलं की पाट्याच्या पोलादाला तडा जायची भीती असते. म्हणून गोडं तेल घ्या. जळक्या इंजिन ऑइलचा धूर छातीत जातो. पत्र्याचा उभा डबा, तेल हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त कोमट, शेजारी वाळूची बादली. तेल भडकू शकतं, तेव्हा मान मागे ठेवा.

हे संध्याकाळी करा, कारण उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. पातं लालभडक झालं की चुंबक लावून बघायचं. साधारण ७७० अंशांना चुंबक चिकटायचं थांबतं. त्यानंतर रंग किंचित उजळेपर्यंत आणखी थोडा भाता मारायचा आणि पातं टोकाकडून सरळ खाली बुडवायचं. आडवं हलवलंत तर वाकेल. गार झाल्यावर कानस फिरवा. काचेवर घसरल्यासारखी सर्रकन घसरली तर पाणी बसलं.

आता हे पातं काचेसारखंच ठिसूळ आहे. हातातून फरशीवर पडलं तरी तुटेल. त्याच दिवशी ते साबणानं धुवा आणि घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवा, गार होऊ द्या, पुन्हा दोन तास ठेवा. (घरचे बोलतात. ऐकून घ्यायचं.) आधी घासून चकचकीत केलेल्या जागेवर वाळक्या गवतासारखा पिवळसर रंग आला पाहिजे.

नंतर ग्राइंडरवर धरताना पातं दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक आली की त्या जागेचं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. शेवटची धार दगडावर, हातानं. कोन कळत नसेल तर कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा. साडेबावीस अंश होतात, दोन्ही बाजूंना तेवढाच ठेवा.

मुठीला शिसव किंवा बाभूळ लावा, पितळी रिवेट मारून घ्या. म्यान चामड्याचं, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसं झाडाच्या सालीनं कमावलेलं असेल तर उत्तम. पण घरी चाकू म्यानात ठेवू नका, चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि पावसाळ्यात दोन दिवसांत तांबेरा दिसतो. खोबरेल तेलाचा हात पुरे, तेच खाण्यातही चालतं.

वापरायला काढण्याआधी अंगणातच सुकं लाकूड फाडून बघा. धार वळली तर पाणी कमी बसलं, म्हणजे भट्टीपासून पुन्हा सुरुवात. धारेच्या कपच्या उडाल्या तर थोड्या जास्त तापमानाला, २२० अंशांना, पुन्हा ओव्हन.

आणि कायदा. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं, घरकाम किंवा शेतीचं अवजार नसेल तर, शस्त्र नियमांत येतं. आपला चाकू त्यात बसत नाही. तरी एसटीत, बाजारात कमरेला लावून मिरवू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा हवालदाराला साडेचार इंच समजावत बसावं लागेल. सॅकमध्ये, म्यानात, कपड्यांच्या खाली ठेवा.

वासोटा किल्ला मात्र कोयना अभयारण्यात आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'शस्त्र' या शब्दात चाकूही येतो. लेखी परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यानातही तेच. त्यामुळे वासोट्याला जायला बामणोलीच्या लाँचमध्ये बसताना चाकू घरी असतो आणि डब्यात कांदा चिरूनच नेलेला असतो.