संडासातून रक्त पडलं की 'मूळव्याध' म्हणून मोकळं होऊ नका, या चुका टाळा

कॅज्युअल्टीत एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता खरंच राग येतो. "डॉक्टर, विशेष काही नाही, मूळव्याध आहे, फार्मसीतून मलम आणलंय." कोणी बघितलं? कोणीच नाही. बोट घालून तपासलं? नाही. बहुतेक वेळा मूळव्याधच निघते हे मान्य, पण ती तपासून ठरवायची असते, अंदाजाने नाही. कारण अधूनमधून एखादा पेशंट असा येतो ज्याची रक्तवाहिनीच आतड्यात फुटलेली असते, आणि त्याच्याकडे वेळ नसतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे जुनं ऑपरेशन न विचारणं. सत्तरीकडचे एक काका, संडासाला लालभडक रक्त गेलं, घेरी आली, मग आपोआप थांबलं. एका दवाखान्यात मूळव्याधीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. दोन दिवसांनी आमच्याकडे आले तेव्हा लुंगी भिजलेली, अंगाला गार घाम, नाडी 130, वरचं बीपी 80. नवीन ज्युनियर घाईघाईने स्कोपवाल्यांना, म्हणजे दुर्बिणीने आतून आतडं तपासणाऱ्यांना, फोन लावत होता. मी चादर बाजूला केली तर छातीच्या हाडापासून बेंबीच्या खालपर्यंत सरळ जुना व्रण. काकूंना विचारलं हे कसलं, तर म्हणाल्या, "ती पोटातली मोठी शीर फुगली होती, मुंबईला नळी घातली. पण त्याला वर्षं झाली हो, त्याचा काय संबंध?"

संबंध तिथेच होता. ती मोठी शीर म्हणजे महाधमनी. तिला घातलेली कृत्रिम नळी आतड्याला चिकटते, घासते, तिथे इन्फेक्शन होतं आणि दोघांमध्ये भोक पडतं. बहुतेक वेळा हे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ड्युओडेनममध्ये होतं, म्हणून रक्त उलटीतून येईल, काळं पडेल किंवा जोरात असलं तर खालून लाल येईल. पहिला रक्तस्राव बरेचदा थोडा असतो आणि गुठळी बसून थांबतो, त्याला हेराल्ड ब्लीड म्हणतात. पुढचा मोठा कधी काही तासांनी, कधी दिवसांनी, कधी आठवड्यांनी. म्हणून थांबलं म्हणजे बरं झालं असं इथे अजिबात धरायचं नाही. महाधमनीत नळी आहे आणि रक्त पडतंय, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हेच समजायचं. काकांना सरळ सीटी अँजिओला (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनला) नेलं, नळीभोवती हवेचे बुडबुडे दिसले, व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनना बोलावलं, रक्त चढवत थिएटरमध्ये नेलं. आयसीयूत खूप दिवस काढले पण घरी गेले.

माझी सवय सांगतो. पोटाला हात लावायच्या आधी पोट आणि दोन्ही जांघा उघड्या करून बघायच्या. आणि "ऑपरेशन झालंय का" असं विचारायचं नाही, कारण जांघेतून स्टेंट घातलेला माणूस बिनधास्त नाही म्हणतो. "पोटात, छातीत, पायात कधी काही घातलंय का" असं विचारा.

दुसरी चीड आणणारी गोष्ट: "हिमोग्लोबिन 12 आहे, घाबरू नका." अरे बाबा, रक्त जाताना पेशी आणि पाणी दोन्ही एकत्रच जातात, आकडा उतरतो तो नंतर, अंगातलं पाणी किंवा सलाईन मिसळल्यावर. नाडीला वरच्या बीपीने भागा, 1 च्या वर गेलं तर पेशंट गंभीर, आधी सीटी अँजिओ. मात्र बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी बीपी-हृदयाची गोळी) चालू असेल तर नाडी वाढतच नाही, गोळ्यांची पाकिटं मागून घ्या.

दारूने लिव्हर खराब झालेल्याच्या गुदद्वारात फुगलेल्या शिरा दिसल्या की मूळव्याध समजून कापायला धावू नका, त्या रेक्टल व्हेरिसेस, म्हणजे लिव्हरच्या आजाराने गुदाशयात फुगलेल्या शिरा, असू शकतात आणि कापल्या तर रक्त आवरत नाही. गोव्यात हे लक्षात ठेवायलाच हवं.

स्कोप क्लीन आला म्हणून फाईल बंद करू नका. ड्युलाफॉय लीजनमध्ये आतल्या थराखाली गरजेपेक्षा जाड धमनी असते, बारीकशा छिद्रातून जोरात रक्त येतं आणि थांबलं की काही दिसत नाही. ती जास्त करून जठरात सापडते, पण मोठ्या आतड्यात आणि गुदाशयातही असते. रक्त पुन्हा पडलं की लगेच पुन्हा बघायचं.

वय झालेलं, हृदयाची झडप अरुंद आणि सारखं रक्त कमी होतंय? स्टेथोस्कोप छातीला लावा. डॉ. एडवर्ड हाईड यांनी हा संबंध 1958 मध्येच लिहिलाय, आतड्यातल्या नाजूक वाहिन्या आणि ती झडप. झडप बदलल्यावर अनेकांचा रक्तस्राव थांबतो.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट असेल तर तो बंद पडू शकतो. बीट खाल्ल्याने संडास लाल होतं, लोहाच्या गोळ्यांनी काळं, आधी तेवढं विचारा. घेरी येत असेल तर स्कूटरवर मागे बसवून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला आणू नका, 108 ला फोन करा, आणि निघताना जुनी डिस्चार्ज फाईल पिशवीत टाका, ती कपाटाच्या तळाशी असली तरी.