दसऱ्याला कोंब आणायला ठेवा, दिवाळीला लावा: घरच्या बागेतला बटाटा

बटाटा लावणं अवघड नाही, पण बरेच जण किचनमधला कोंब आलेला बटाटा जूनमध्ये नाहीतर थेट फेब्रुवारीत कुंडीत खुपसतात आणि मग पाला मस्त वाढतो, खाली मात्र गोट्या. याचं कारण खत नाही, रात्र आहे. रात्री साधारण २० डिग्रीच्या खाली आल्या की बटाटा नीट धरतो, म्हणून पुणे-नाशिक-सातारा साईडला ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर मध्य हा बेस्ट टाइम. मुंबई-कोकणात रात्री उशिरा गार होतात, तिथे नोव्हेंबरचा मध्य गाठा आणि फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका. (पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा घेतात हे खरं, पण तिथली हवा आपल्या तापलेल्या टेरेसवर कुठून आणणार.)

बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, कुठून आणायचं? मंचर, खेड भागात सीझनला बेण्याचे बटाटे मिळतात, कुफरी ज्योती किंवा कुफरी पुखराज या जाती मागा, पुखराज लवकर तयार होतो. हे मिळालं नाही तर भाजीवाल्याकडचा चालतो, फक्त काही कोल्ड स्टोरेजवाले कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारतात, असा बटाटा महिनाभर ठेवला तरी ढिम्म हलत नाही, त्यामुळे चार-पाच जास्तच आणा. अंड्याएवढा, ३०-४० ग्रॅमचा, टणक, डाग नसलेला घ्यायचा. आणि अगदी नवा काढलेला नको, बटाटा काढल्यावर दोन-अडीच महिने झोपलेलाच असतो.

आता कोंब. लोक बटाटे अंधारात, कपाटात ठेवतात, तिथेच गडबड होते. अंधारात लांब, पांढरे, लेचेपेचे कोंब येतात आणि लावताना हात लागला की तुटतात. उजेड हवा, ऊन नको. अंड्यांचा ट्रे घ्या, बटाट्याच्या ज्या टोकाला डोळ्यांची (कोंब फुटतात त्या खळग्यांची) गर्दी असते ते वर करून एकेक बसवा आणि खिडकीजवळ ठेवा. साल जरा हिरवी पडेल, पडू दे, बेण्याला चालतं (खायला मात्र असला हिरवा बटाटा अजिबात वापरायचा नाही). दोन-तीन आठवड्यांत बोटाच्या पेरापेक्षा आखूड, जाडजूड, जांभळट-हिरवे कोंब दिसतील आणि नीट बघितलं तर त्यांच्या बुडाशी बारीक बारीक पुटकुळ्या असतात, तीच पुढची मुळं. टोकाला एकच कोंब दादागिरी करत असेल तर तो खुशाल मोडा, बाकीचे डोळे जागे होतात.

बटाटा लहान असेल तर अख्खाच लावा, माझं मत विचाराल तर घरी कापायच्या फंदात पडूच नये. मोठाच असेल तर उभा कापा म्हणजे दोन्ही फोडींना वरचे डोळे मिळतात, प्रत्येक फोडीला किमान दोन डोळे हवेत, आणि कापून लगेच मातीत नाही, एक-दोन दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू कोरडी होऊ द्यायची, नाहीतर सडलाच म्हणून समजा.

लावायला १५ बाय १५ इंचाची ग्रो बॅग, खाली भोकं असलेली, एका बॅगेत दोन बेणी पुरे. माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या प्रमाणात मिसळा. ताजं शेण नको, सालीवर खवले धरतात. टोमॅटो, वांगी, मिरचीची जुनी माती पण नको, सगळी एकाच खानदानातली झाडं, रोगही तेच. बॅग आधी निम्मीच भरायची, बेणं कोंब वर करून ठेवायचं आणि वर दोन-तीन इंच माती. जमिनीत असेल तर दोन ओळींत दीड-दोन फूट आणि दोन बेण्यांत ६ ते ८ इंच अंतर.

पाणी बेताचं द्या, चिखल झाला की खेळ खल्लास. रोपं वीतभर झाली की, म्हणजे साधारण महिन्याने, खालचा निम्मा दांडा झाकेल एवढी मातीची भर द्या. हे चुकवू नका कारण बटाटे बेण्याच्या वरच्या बाजूला धरतात आणि उघडे पडले की हिरवे होतात. व्हिडिओत उंचच उंच पोत्यात वरपर्यंत बटाटे दाखवतात, त्याच्या मागे लागू नका, आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जाती तसं करत नाहीत. मध्येच ढगाळ, दमट हवा पडली की पानं उलटी करून बघत जा, काळपट डाग दिसला की समजा करपा रोग आला, ती पानं काढून लांब टाका आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या.

पुखराज ७५-९० दिवसांत, ज्योती १०० दिवसांच्या आसपास. पाला पिवळा पडून लोळायला लागला की पाणी बंद, आठ-दहा दिवसांनी एक बटाटा उकरून अंगठ्याने साल घासून बघा, साल सुटली तर अजून थांबा, नाही सुटली तर बॅग सरळ ताडपत्रीवर उलटी करा. एका झाडाला अर्धा किलो निघाला तर मस्तच. धुवायचे नाहीत, माती झटकून आठवडाभर सावलीत पसरून ठेवायचे आणि मग गोणपाटाखाली अंधारात.